मिटता येणारा डोळा

डोळ्याचा आजार म्हटलं की आपल्या घरांत चष्मा, मोतीबिंदू आणि फार तर काचबिंदू यांच्यापलीकडे बोलणं जात नाही. तिन्ही गोष्टी नजरेशी थेट जोडलेल्या, म्हणून त्यांची धास्ती असते. पापणी, तिच्या कडेचे केस, कोपऱ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची वाट आणि डोळा ज्या हाडांच्या खोबणीत बसलेला असतो ती खोबण, यांचा विषय निघतो तो बहुतेक वेळा दिसण्यापुरता. ‘पापनी जराशी खाली हाये, पन त्याले दिसते ना, मंग काय झालं?’, ‘डोयाले पानी येते, वय झालं आता’, ‘लग्न जमायच्या वक्ती पाहू आपरेशनचं’. नागपूरच्या कुठल्याही नेत्र विभागात बसलं तर अशी बोलणी कानांवर पडतात. भंडाऱ्याहून, उमरेडहून, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून आलेली माणसं ती अगदी सरळ मनानं बोलतात. ती बोलणी ऐकत काम केलेल्या एका शल्यचिकित्सकानं हे पुस्तक लिहिलं आहे, आणि ते मुख्यतः त्याच माणसांसाठी, त्यांच्या गावच्या डॉक्टरांसाठी आणि आशाताईंसाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. पापणी आणि खोबण डोळ्याला रूप देतात हे खरं. पण त्याआधी त्या डोळ्याला जगवतात. त्यांच्या आजारात पहिला प्रश्न दिसण्याचा नसतो, वेळेचा असतो. कुठे हाती काही तास असतात, कुठे सहा महिने, कुठे मुलाच्या आयुष्याची पहिली काही वर्षं. ती मुदत कोणत्या आजारात किती, हे घरच्यांना आधीच ठाऊक असलं, तर आमच्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रियेचं फळ पालटतं.

आधी जागेची ओळख करून घेऊ. प्रौढ माणसाची एक खोबण साधारण तीस मिलिलीटरची असते. डोळ्याचा गोल त्यातली जेमतेम सात मिलिलीटर जागा घेतो. उरलेल्या जागेत डोळा फिरवणारे सहा स्नायू, वरची पापणी उचलणारा सातवा, दृष्टीची नस, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सगळ्यांना सांभाळणारी चरबी दाटीवाटीनं राहतात. खोबण सात हाडांची मिळून बनते. बाहेरची बाजू भक्कम असते, नाकाकडची भिंत मात्र कागदासारखी, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. तिच्या पलीकडे सायनसच्या पोकळ्या आणि छताच्या वर मेंदू. चारही बाजूंनी हाड असल्यामुळे आत सूज आली, पू झाला, रक्त साचलं किंवा गाठ वाढली, तर तिला सरकायला पुढची एकच दिशा उरते. डोळा पुढे येतो तो असा. आणि पुढेही पुरेशी जागा मिळाली नाही, की दाब दृष्टीच्या नसेवर पडतो. ही रचना एकदा लक्षात राहिली, की पुढची अर्धी प्रकरणं आपोआप समजतात.

पापणीचंही तसंच. तिची त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ. त्वचेखाली डोळा मिटवणारा गोलाकार स्नायू असतो, त्याला चेहऱ्याची सातवी नस हुकूम देते. उचलणाऱ्या स्नायूला तिसरी नस. आतल्या कडक पट्टीत वरच्या पापणीला तीस-चाळीस आणि खालच्या पापणीला वीस-तीस तेलग्रंथी. मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी खाली येते आणि दर वेळी बुबुळावर अश्रू आणि तेलाचा ताजा थर पसरते. हे काम चार-सहा तास जरी थांबलं, तरी बुबुळ कोरडं पडून दुखू लागतं.

नागपूरला खोबणीची ओळख झाली ती मात्र पुस्तकातून नव्हे. २०२१च्या उन्हाळ्यात, करोनाची दुसरी लाट अजून ओसरत होती तेव्हा, म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण शहरात येऊ लागले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो, खासगी रुग्णालयं, सगळीकडे त्यांच्यासाठी खाटा राखून ठेवाव्या लागल्या. विदर्भाच्या जिल्ह्यांबरोबर शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही लोक इथेच धावले. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारनं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. महाराष्ट्रानं त्याचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. त्यावरचं अँफोटेरिसिन बी हे इंजेक्शन मिळेनासं झालं, त्याच्या वाटपाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, आणि मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीनं ते औषध तयार करायला घेतलं. त्या दिवसांत एकेका कुपीसाठी फिरलेली माणसं अजूनही भेटतात.

ही बुरशी परग्रहावरून आलेली नव्हती. तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजणाऱ्या पाल्यात असतात आणि आपण सगळेच ते श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. रक्तातली साखर बेसुमार वाढली आणि वर स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दाबली गेली, की नाकात उतरलेला बीजाणू रुजतो. देशभरातल्या नेत्रशल्यचिकित्सकांनी मिळून करोनाकाळातल्या अशा २८२६ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांतल्या ७८ टक्के लोकांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलं गेलं होतं. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे रक्त गोठतं आणि पुढचा भाग मरून काळा पडतो. नाकातून सायनस, सायनसमधून ती कागदी भिंत ओलांडून खोबण, खोबणीच्या टोकातून मेंदू, असा तिचा प्रवास काही दिवसांत होतो.

शस्त्रक्रियेचा भाग इथे नीट सांगायला हवा, कारण त्याबद्दल लोकांत अजून भीती आणि राग दोन्ही आहेत. पहिलं काम कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचं: दुर्बिणीतून सायनसमधला मेलेला भाग काढून टाकायचा. कुणाचा वरचा जबडाही काढावा लागतो. मेलेल्या ऊतीत रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही ते यामुळे. आजार खोबणीत थोडाच उतरलेला असेल, तर डोळ्यामागे थेट अँफोटेरिसिन टोचून कित्येकांचे डोळे त्या वर्षी वाचवता आले. पण नजर गेलेली आहे, डोळा जागचा हलत नाही, खोबणीतला सगळा मऊ भाग बुरशीनं व्यापलाय आणि ती मेंदूकडे सरकते आहे, अशा वेळी डोळा, स्नायू आणि चरबी यांसह खोबण रिकामी करावी लागते. या शस्त्रक्रियेचं पहिलं वर्णन जर्मनीच्या गेऑर्ग बार्टिश यांनी १५८३ साली केलं. नेत्रशल्यचिकित्सेतली ही सर्वांत जड शस्त्रक्रिया, रुग्णासाठी आणि करणाऱ्यासाठीही. ती जीव राखण्यासाठी केली जाते. घरच्यांना हे सांगताना आवाज स्थिर ठेवणं कठीण जातं, आणि ते जावंच असं मला वाटतं.

करोना सरला, बुरशी सरलेली नाही. मधुमेह आहे तोवर तीही अधूनमधून भेटत राहणार. चेहऱ्याच्या एका बाजूचं दुखणं, एकच नाकपुडी बंद होणं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, हलू लागलेला दात, गालाची बधिरता, पापणीवर अचानक आलेली सूज, एकाऐवजी दोन दिसणं: साखर वाढलेल्या माणसाला यांतलं एकही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हा मजकूर पुस्तकात तीन ठिकाणी येतो. तो मुद्दाम तीनदा छापला आहे.

म्युकरच्या आधी कितीतरी वर्षं विदर्भात डोळ्याभोवतीच्या आजारानं आंधळी झालेली माणसं होती, आणि त्यांच्याकडे पाहायलाही कुणी तयार नव्हतं. कुष्ठरोग्यांबद्दल मी बोलतो आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेनं १९३६ मध्ये काम उभं केलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती आणि तिचं आनंदवन. सेवाग्रामच्या आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत. या कामाची करुणा आपण सगळे जाणतो. त्याच्या नेत्रवैद्यकाच्या बाजूबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं, म्हणून इथे थोडं थांबतो.

कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाला घालतात. गालाच्या हाडावरून जाणारी सातव्या नसेची शाखा त्वचेच्या अगदी जवळ असते. ती मेली की पापणी मिटवणारा स्नायू लुळा पडतो आणि डोळा झोपेतही उघडा राहतो. एवढ्यावर थांबत नाही. बुबुळाला संवेदना देणारी पाचवी नसही बधिर होऊ शकते. मग धूळ गेली, कुसळ गेलं, बुबुळावर जखम झाली, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस डोळा चोळत नाही, झाकत नाही, दवाखान्यात जात नाही. जखम चिघळते, बुबुळ पांढरं होतं. आता या माणसाच्या हातापायांचा विचार करा. तेही बधिर आहेत. चुलीचा चटका त्याला बोटांनी कळत नाही, नजरेनं कळतो. तळव्यात काटा रुतल्याचं त्याला पाहूनच समजतं. नजर गेली की त्याच्याजवळची राखण करणारी शेवटची गोष्ट गेली. इतर कुणाच्या अंधत्वापेक्षा कुष्ठरुग्णाचं अंधत्व अधिक क्रूर असतं ते यामुळे.

बहुऔषधी उपचार १९८०च्या दशकात आले आणि रोगाचं चित्र पालटलं. २००५च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोग देशपातळीवर दूर झाल्याचं जाहीर झालं. तरी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या बाजूला नवे रुग्ण आजही सापडतात. पापणीचा लुळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी नस परत येण्याची चांगली आशा असते. त्यानंतर शस्त्रक्रियेकडे वळावं लागतं. सर्वांत सोपी म्हणजे पापण्यांच्या बाहेरच्या कडा एकमेकींना शिवून फट लहान करणं. बाहेर लोंबू लागलेली खालची पापणी ताणून हाडाला बांधता येते. आणि एक शस्त्रक्रिया अशी आहे की ती पाहताना माझं मन दर वेळी भरून येतं: कानशिलावरच्या, घास चावायच्या स्नायूचा एक पट्टा वळवून तो पापण्यांच्या कडेनं ओवतात. रुग्णानं दात आवळले की डोळा मिटतो. सुरुवातीला आरशापुढे बसून हा सराव करावा लागतो, दिवसातून कितीदा तरी आठवणीनं दात आवळावे लागतात. ज्या माणसाला वर्षानुवर्षं डोळा मिटता आला नव्हता, तो जेवताना सहज डोळे मिटू लागतो.

डोळा उघडा राहण्याचं नेहमीचं कारण मात्र वेगळं. तोंडावरून वारं गेलं असं आपण म्हणतो, तो चेहऱ्याचा लकवा. त्यात पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर बहुतेकांचा चेहरा पूर्ववत होतो. तोवर रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीनं मिटवून ठेवायची, बस. गरम पिठाचा शेक, कबुतराचं रक्त आणि गावोगावच्या लेपांवर हे तीन दिवस घालवू नयेत.

पापणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग मोजले आहेत, त्यांतले २१ पापणीचे. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात त्या पक्ष्मकोपावर सुश्रुतांनी दिलेली शस्त्रक्रिया वाचून आजचा शल्यचिकित्सकही मान डोलावेल. भुवईखालचे दोन भाग आणि केसांजवळचा एक भाग सोडून मधल्या त्वचेची जवाच्या आकाराची आडवी पट्टी काढायची, जखम केसानं शिवायची, मध आणि तूप लावायचं आणि टाक्याची टोकं कपाळावरच्या पट्टीला बांधून ठेवायची. त्वचा आखडली की कडा बाहेर वळते आणि केस बुबुळावरून दूर होतात. कपाळाला ताण देऊन कड वर धरण्याची ही युक्ती किती बारकाईच्या निरीक्षणातून आली असेल!

त्या काळापासून परवापरवापर्यंत आत वळलेल्या केसांचं आपल्या देशातलं मोठं कारण होतं खुपऱ्या. लहानपणी पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, पापणीच्या आतल्या बाजूला व्रण, मग मोठेपणी आकसलेली पापणी आणि दर उघडझापीला बुबुळ खरवडणारे केस. बायकांत हे जास्त, कारण घरातल्या लहान मुलांचे नाकडोळे त्याच पुसत. आजीच्या पेटीतला चिमटा आठवतो अशी पिढी अजून आहे. केस उपटले की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. पाणी, साबण, अँटिबायोटिक आणि पापणी वळवण्याची छोटी शस्त्रक्रिया यांनी हे घडवलं. आता असे केस दिसतात ते बहुधा वयामुळे सैल झालेल्या पापणीत. इलाज तासाभराचा असतो, पूर्ण भूल न देता नुसती पापणी बधिर करून होतो.

मुलांच्या झुकलेल्या पापणीला या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, आणि त्याचं कारण मला मोकळेपणानं सांगायचं आहे. जन्मतः पापणी उचलणारा स्नायू कच्चा असला तर पापणी बाहुलीवर पडते. त्या डोळ्याला चित्र मिळत नाही. मेंदू त्याची नोंद ठेवणं सोडून देतो आणि डोळा आळशी होतो. हे पहिल्या सात-आठ वर्षांत होतं. नंतर पापणी कितीही सुंदर उचलली तरी गेलेली नजर पुरती येत नाही. ‘लग्नाच्या वेळी पाहू’ हे वाक्य म्हणूनच मला सहन होत नाही. मूल हनुवटी वर करून पाहत असेल, कपाळाला आठ्या घालून पाहत असेल, तर ते आपल्या परीनं पापणीशी झगडत आहे. आणखी एक गमतीशीर खूण दूध पाजणाऱ्या आईच्या नजरेला सर्वांत आधी पडते: बाळ चोखू लागलं की झुकलेली पापणी तालात वर-खाली होते. जबडा हलवणाऱ्या नसेचा पापणीशी जन्मतःच चुकीचा जोड झालेला असतो. मार्कस गन यांनी १८८३ मध्ये त्याचं वर्णन केलं.

बाहुली झाकली गेली असेल तर शस्त्रक्रिया लगेच, नाहीतर साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान. स्नायूत थोडी ताकद असेल तर तो आखूड करून पुन्हा बसवतात. ताकद नसेलच तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात, मांडीतून काढलेल्या पट्ट्यानं किंवा सिलिकॉनच्या दोरीनं. मग मूल भुवई उचलून डोळा उघडायला शिकतं. शस्त्रक्रियेनंतर काही महिने झोपेत डोळा थोडा उघडा दिसतो. आईबाप घाबरतात. हे अपेक्षित असतं, रात्रीचं मलम चुकवायचं नसतं. पापणी उचलली म्हणजे काम संपलं असंही नाही. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी, चष्मा, हे पुढे चालूच राहतं, आणि खरं यश तिथे ठरतं. अंगणवाडीत मुलांची तपासणी करणाऱ्या पथकानं फक्त एवढं पाहावं: दोन्ही बाहुल्या पूर्ण दिसतात का? याला यंत्र लागत नाही.

मोठ्या माणसाची पापणी अचानक पडली तर मात्र हिशेब वेगळा. सोबत डोकं दुखत असेल आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या नसेवर दाबत असण्याची शक्यता असते. त्यात रात्र काढायची नाही. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडणारी पापणी स्नायू थकवणाऱ्या मायस्थेनिया या आजाराची असू शकते. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवला आणि ती उचलली गेली, तर निदान बरंचसं हाती येतं. इथे औषध हवं, सुरी नको.

जखमांचं प्रकरण लिहिताना नागपूर डोळ्यांसमोर होतं. संक्रांतीला इथलं आकाश पतंगांनी भरतं आणि नायलॉन मांजानं गळे आणि चेहरे चिरले जातात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, बंदी आहे, तरी मांजा विकला जातो, आणि याबद्दल मला मनापासून संताप आहे. दुचाकीवरच्या माणसाची पापणी कापली गेली तर ती नुसती शिवून चालत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी बारीक नळी असते. ती तुटलेली ओळखून, आत सिलिकॉनची नळी घालून, शक्यतो दोन दिवसांच्या आत जोडली नाही तर डोळ्याला जन्मभर पाणी येत राहतं. कुत्र्याच्या चाव्यात लहान मुलांची नेमकी हीच जागा फाटते. तिथे आधी साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुणं, रेबीजची लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, मग टाके.

शेतातली जखम अधिक फसवी असते. पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काडीवर माणूस पडतो, पापणीवर लहानसं भोक दिसतं, ते दोन दिवसांत भरतं. आत काडीचा तुकडा राहिलेला असतो. वाळलेलं लाकूड सीटी स्कॅनमध्ये हवेसारखं काळं दिसतं आणि नजरेतून निसटतं. महिन्यांनी त्या जागेतून पू वाहू लागतो, बंद होतो, पुन्हा वाहतो. म्हणून काडी लागल्याचं रुग्णानं सांगावं आणि डॉक्टरांनी कागदावर लिहावं. स्कॅन वाचणाऱ्याला ते कळलं तर तो नेमकं शोधतो.

आणखी एक घटना शाळेच्या मैदानावरची. चेंडू किंवा कोपर डोळ्यावर बसतं, खोबणीचा पातळ तळ मोडतो. मुलांचं हाड लवचीक असतं, ते उघडून पुन्हा बंद होतं आणि डोळ्याचा स्नायू त्या फटीत अडकतो. डोळा बाहेरून पांढराशुभ्र, सूज नाही. मूल मात्र वर पाहताना ओकतं, त्याची नाडी मंद होते. डोक्याला मार समजून त्याला नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं जातं आणि अडकलेला स्नायू तोवर मरतो. ही शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हायला हवी. मोठ्यांच्या अशा फ्रॅक्चरमध्ये सूज उतरेपर्यंत थांबता येतं.

रांजणवाडीसाठी चार ओळी पुरेत: गरम शेक, स्वच्छता, धीर, लवंग उगाळून लावायची नाही, पिळायची तर मुळीच नाही. पण पन्नाशीपुढच्या माणसाला एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ होत असेल, तिथले केस गळाले असतील, तर ती गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे. तेलग्रंथींचा कर्करोग साध्या गाठीचं सोंग घेतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे बरंच जास्त आहे.

तान्ह्या बाळाच्या डोळ्याला पाणी आणि चिपडं येत असतील, तर काजळ आणि दुधाचे थेंब बंद करून कोपऱ्यावरून खाली मालिश करायला शिकावं. वर्षभरात बहुतेकांचा मार्ग मोकळा होतो, नाही झाला तर बारीक सळई घालून तो उघडतात. मोठ्यांच्या बंद झालेल्या अश्रुपिशवीसाठी नाकात नवा रस्ता करण्याची शस्त्रक्रिया इटलीच्या आदेओ तोती यांनी १९०४ मध्ये मांडली आणि ती आज नाकातून दुर्बिणीनंही होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आम्ही अश्रुमार्गात पाणी सोडून पाहतो, आणि पू आला तर मोतीबिंदू पुढे ढकलतो. लोक त्यावर चिडतात. त्या पिशवीतला जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात शिरला तर डोळा जातो, म्हणून तो हट्ट.

थायरॉइडमुळे पुढे आलेल्या डोळ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातलं थोडंच इथे सांगतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यात हा आजार अधिक होतो आणि अधिक बिघडतो. शस्त्रक्रियांचा क्रम ठरलेला आहे: आधी खोबणीची जागा वाढवणं, मग तिरळेपणा, शेवटी पापणी. क्रम उलटला तर आधीचं काम वाया जातं. आणि नजर अचानक मंद झाली, रंग फिके दिसू लागले, तर वाट पाहू नये.

डोळा काढावा लागलेल्यांसाठी शेवटचं प्रकरण आहे. मार लागून फुटलेला, दृष्टी गेलेला डोळा क्वचित दुसऱ्या निरोगी डोळ्यात दाह उठवतो; तो काढण्याचं हे एक कारण. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यात त्यांच्या एका डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही गेले. काढलेल्या डोळ्याच्या जागी आत गोळा बसवतात, स्नायू त्याला जोडतात आणि वरून रुग्णाच्या खोबणीचा साचा घेऊन बनवलेला ॲक्रिलिकचा डोळा घालतात. पूर्वी हे डोळे जर्मन काचेचे असत. दुसऱ्या महायुद्धात ती काच मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकी लष्कराच्या दंतवैद्यांनी कवळीच्या साहित्यातून डोळे घडवले. तयार मिळणाऱ्या, सर्वांना एकच अशा डोळ्यापेक्षा मापाचा डोळा कितीतरी चांगला. तो बसतो, थोडा फिरतोही. लहान मुलांत हे टाळू नये, कारण खोबण आत काही असल्याशिवाय नीट वाढत नाही आणि चेहऱ्याची एक बाजू मागे राहते. म्युकरमध्ये सगळी खोबण गेलेल्यांसाठी चष्म्याला जोडलेलं सिलिकॉनचं कृत्रिम अंग मिळतं. ते घालून पुन्हा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली, लेकीच्या लग्नात उभी राहिलेली माणसं आहेत.

पुस्तक क्रमानं वाचायची गरज नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला चौकटीत त्या आजाराची मुदत दिली आहे: आजच, या आठवड्यात, किंवा सवडीनं पण नक्की. घाई असेल तर तेवढं वाचून निघावं. निघताना साखरेचा ताजा अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी आणि पाच-दहा वर्षांपूर्वीचे दोन-तीन फोटो सोबत घ्यावेत. पापणी कधीपासून खाली आली, डोळा कधी पुढे येऊ लागला, हे रुग्णाला बहुधा आठवत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये, जुन्या आधार कार्डावर, शाळेच्या गटफोटोत ते दिसतं, आणि तपासणाऱ्याचे कितीतरी प्रश्न तिथेच सुटतात.